जॉन हेन्रीचा घण, आणि अमेरिकेच्या लोककथा नेमक्या कुणाच्या?

कोरडा_ओढा

गेल्या महिन्यात लेकीच्या शाळेतून एक कागद आला. ती चौथीत आहे. 'अमेरिकन लोककथांमधलं एक पात्र निवडा, दहा ओळी लिहा, चित्र काढा.' खाली चार नावं: पॉल बन्यन, पेकोस बिल, जॉनी ॲपलसीड, जॉन हेन्री. तिने जॉन हेन्री निवडला, कारण त्याच्या हातात घण होता आणि तिला घण काढता येतो.

मग मी वाचत गेले, आणि वाचता वाचता पार टॅलकॉटला जाऊन आले. म्हणून हा धागा.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगते. रेल्वेचा बोगदा खणायचा आहे. जॉन हेन्री हा काळा मजूर, खडकात पहार ठोकून सुरुंगाची भोकं पाडणारा. त्याच्यासारखा घण कुणी मारत नाही. एक दिवस वाफेवर चालणारं ड्रिल येतं. जॉन हेन्री मुकादमाला सांगतो की या यंत्रासमोर हार मानण्यापेक्षा मी घण हातात घेऊन मरेन. पैज लागते. नेहमी सांगितलं जातं ते असं, की यंत्र नऊ फूट खोल गेलं आणि जॉन हेन्री चौदा फूट. तो जिंकला, घण खाली ठेवला आणि तिथेच मेला.

टॅलकॉट हे वेस्ट व्हर्जिनियातलं एवढंसं गाव. आम्ही रिचमंडला राहतो, तिथून गाडीने चारेक तास. ग्रीनब्रायर नदी तिथे डोंगराला मोठा वळसा घालते. तो वळसा टाळण्यासाठी चेसापीक अँड ओहायो रेल्वेने १८७० ते १८७२ या काळात डोंगरातून मैलाहून लांब बोगदा काढला. डोंगर तांबड्या शेलचा. हा खडक फोडताना टणक लागतो, पण हवा लागली की भुसभुशीत होऊन वरून ढासळतो. आधी लाकडाचे टेकू दिले, मग विटांची कमान बांधली. जुना बोगदा १९७४ पासून बंद आहे, आता गाड्या शेजारच्या बोगद्यातून जातात. जुन्याच्या तोंडाशी आम्ही उभे राहिलो. बाहेर ऊन होतं, पण आतून येणारी हवा अंगावर काटा आणणारी. लेकीने हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. जवळच जॉन हेन्रीचा पुतळा आहे, १९७२ साली उभारलेला. उघडी छाती, दोन्ही हातांत घण.

परत आल्यावर इतिहासकार स्कॉट रेनॉल्ड्स नेल्सन यांचं २००६ सालचं पुस्तक वाचलं, आणि पुतळा डोळ्यांपुढून हटेना. नेल्सन यांच्या मते ही घटना टॅलकॉटची नाहीच. ती त्याच रेल्वेच्या लुईस बोगद्यावरची, व्हर्जिनियातली. तिथे रिचमंडच्या तुरुंगातले कैदी भाड्याने कामाला नेले होते आणि कैद्यांबरोबर वाफेची ड्रिलंही चालवली होती. तुरुंगाच्या नोंदवहीत त्यांना एक जॉन विल्यम हेन्री सापडला. वय एकोणीस. घरफोडी आणि चोरीच्या आरोपाखाली दहा वर्षांची शिक्षा. उंची पाच फूट सव्वा इंच. मी आकडा पुन्हा तपासला. गाण्यांतला तो धिप्पाड गडी माझ्या खांद्याएवढा असेल.

तो तुरुंग जेम्स नदीच्या काठी होता. १९९० नंतर पाडला. तो पाडताना भिंतीलगत शेकड्यांनी माणसांचे सांगाडे निघाले. ती जागा माझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे. किती वर्षं मी तिथून येते-जाते, आणि मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

गुलामगिरी १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने संपली, पण त्या दुरुस्तीतच 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर सोडून' असं लिहिलेलं आहे. त्या एका पळवाटेतून माणसं भाड्याने देणं सुरू झालं. बोगद्यातली धूळ छातीत साठून ती मेली. नेल्सन म्हणतात की जॉन हेन्रीलाही पैजेतल्या दमछाकीने नाही, या धुळीने मारलं असणार.

माझं म्हणणं एवढंच आहे. शाळेच्या यादीत ही चार नावं एका ओळीत येतात, पण ती एका तोलाची नाहीत. त्यातली एक गोष्ट मजुरांनी काम करता करता गाऊन जिवंत ठेवली. इतरांचं काय? जाणकारांनी लिहावं.

---

निम्मा_पेला

फार सुंदर लिहिलंय. तुमच्या प्रश्नाला उत्तर देते, कारण दोन वर्षं मिनेसोटात काढली आहेत आणि बेमिजी गावातल्या पॉल बन्यन या अवाढव्य लाकूडतोड्याच्या पुतळ्यासमोर मुलांचे फोटो काढलेत. (पुतळा १९३७ चा, शेजारी निळा बैल बेब.)

पॉल बन्यन लाकूडतोड्यांच्या तळांवर तोंडी सांगितला जायचा हे खरं, पण फार थोडा. तो देशभर पोचला तो रेड रिव्हर लंबर कंपनीच्या जाहिरातीतून. विल्यम लाफहेड नावाचे, पूर्वी स्वतः लाकूडतोडीच्या तळांवर काम केलेले जाहिरातकार होते. त्यांनी १९१४ मध्ये कंपनीसाठी एक पुस्तिका केली. थोडे ऐकलेले किस्से, बरेचसे स्वतः रचलेले. काउबॉय पेकोस बिलचं तर त्याहून सरळ आहे: १९२३ मध्ये एडवर्ड ओ'राइली यांनी एका मासिकात तो छापला.

लोकसाहित्याचे अभ्यासक रिचर्ड डॉर्सन यांनी १९५० मध्ये असल्या गोष्टींसाठी 'फेकलोर' हा शब्दच काढला, फोकलोरच्या चालीवर. मराठीत 'बनाव-कथा' म्हणता येईल का?

---

चिंचेचा_पार

'बनाव-कथा' शब्द आवडला, पण थोडा विरोध नोंदवतो. जाहिरातीत जन्मली म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही. शंभर वर्षं आई-बाप पोरांना सांगत आले असतील, तर ती आता त्यांची झाली. मिनेसोटातली दहा हजार तळी पॉल आणि बेबच्या पावलांनी झाली, हे माझ्या शेजारच्या आजोबांनी मला अंगणात बसून सांगितलंय. ते काही कुठली पुस्तिका वाचून सांगत नव्हते.

जॉनी ॲपलसीडचं वेगळं आहे. तो खराच माणूस. जॉन चॅपमन, जन्म १७७४ लेमिन्स्टर, मॅसॅच्युसेट्स. मृत्यू १८४५ फोर्ट वेन, इंडियाना. बिया कुठेही फेकत फिरणारा वेडा फकीर नव्हता तो. वस्ती पुढे सरकायच्या आधीच तिथे जाऊन कुंपण घालून रोपवाटिका करायचा आणि नंतर आलेल्या लोकांना रोपं द्यायचा. बीपासून वाढवलेलं सफरचंद आंबट-तुरट निघतं, ते खायला नाही तर सायडर गाळायला. म्हणजे पोरांच्या पुस्तकातला हा संत गावोगाव दारूची सोय करत होता! आणि ज्या जमिनीवर तो रोपं लावत होता, ती मूळ रहिवाशांच्या हातून नुकतीच गेलेली. हे कुठल्याच चित्रात नसतं.

---

कोरडा_ओढा

@चिंचेचा_पार, तुमच्या शेजारच्या आजोबांची गोष्ट त्यांचीच, हे मान्य. माझी तक्रार पॉल बन्यनबद्दल नाही. एकाच यादीत कंपनीची जाहिरात आणि कैद्याचं मरण शेजारी शेजारी येतं, आणि मुलांना दोन्हींत फक्त 'ताकदवान माणूस' दिसतो, त्याबद्दल आहे.

---

घाटातली_गाडी

थोडं अवांतर, पण राहवत नाही. मी कर्जतचा. बोर घाटात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. गाडीवाले जाता जाता नाणं टाकतात. दंतकथा अशी की घाटातून वाट कशी काढायची हे इंग्रजांना एका धनगराने दाखवलं आणि काम झाल्यावर त्यांनी त्याला गोळी घातली. आमचा रेल्वे घाट १८६३ मध्ये सुरू झाला, म्हणजे जॉन हेन्रीच्या बोगद्याआधी जेमतेम सात-आठ वर्षं. पंचवीस बोगदे. मजूर किती मेले याची यादी कुठल्याही दगडावर नाही. लहानपणापासून शिंग्रोबाला हात जोडत आलोय, पण ही गोष्ट मजुरांनी जपलेली असेल असं आज पहिल्यांदा वाटलं.

---

शाईचा_डाग

सुरेख धागा, वाचनखूण साठवली. यादीत एक मोठं नाव राहिलंय, ते म्हणजे ब्रेर रॅबिट. ब्रेर म्हणजे 'ब्रदर', म्हणून मी मुलांना 'ससेभाऊ' सांगते.

हे ससेभाऊ आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजातून आले. अंगात ताकद नाही, पण कोल्ह्याला आणि अस्वलाला पुरून उरतात. ज्यांना दिवसभर चाबकाखाली राबायचं होतं, त्यांनी रात्री झोपडीत हीच गोष्ट का सांगितली, ते वेगळं सांगायला नको.

पण कागदावर त्या आल्या एका गोऱ्या पत्रकाराच्या नावाने. जोएल चँडलर हॅरिस पोरवयात जॉर्जियातल्या एटन्टनजवळच्या एका मळ्यावर छापखान्यात काम करत होते. तिथल्या गुलामांच्या वस्तीत ऐकलेल्या गोष्टी त्यांनी पुढे अटलांटाच्या वर्तमानपत्रात लिहिल्या आणि १८८० मध्ये पुस्तक काढलं. गोष्टी सांगायला त्यांनी 'अंकल रीमस' हा पूर्वी गुलाम असलेला म्हातारा रचला. प्रेमळ, समाधानी, जुने दिवस आठवून हळहळणारा. गोष्टी अस्सल आणि सांगणारा बेतलेला. त्याच एटन्टनमध्ये जन्मलेल्या लेखिका ॲलिस वॉकर यांनी तर हॅरिसने आपल्या वारशाचा मोठा हिस्सा चोरला असं स्पष्ट म्हटलंय. लहानपणी त्यांना स्वतःच्याच घरच्या गोष्टींची लाज वाटू लागली, कारण त्या रीमसच्या तोंडून आल्या होत्या. हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

आता डांबराची बाहुली. कोल्हा डांबराची बाहुली करून वाटेत बसवतो. ससेभाऊ 'राम राम' घालतात, ती गप्प. ससेभाऊंना राग येतो. एक ठोसा मारतात, हात चिकटतो. दुसरा हात, एक पाय, दुसरा पाय, शेवटी डोकं. पाच ठिकाणी चिकटून बसतात.

ही पाचाची मोजणी ओळखीची वाटते का कुणाला?

---

माळावरची_वाट

@शाईचा_डाग, वाटते! पंचावुध जातक. पाली जातकांतलं पंचावन्नावं. पाच आयुधं शिकून घरी निघालेला राजपुत्र जंगलात सिलेसलोम नावाच्या यक्षाशी लढतो. नावाचा अर्थच चिकट केसांचा. बाण चिकटतात, तलवार चिकटते, भाला, गदा चिकटते. मग उजवा हात, डावा हात, उजवा पाय, डावा पाय, आणि शेवटी डोकं. पाच ठिकाणी अडकूनही राजपुत्र घाबरत नाही. म्हणतो, माझ्या आत ज्ञानाचं वज्र आहे, मला खाशील तर तेच तुला फाडेल.

गोष्ट भारतातून आफ्रिकेत गेली, की दोन्हीकडे आपापली उगवली, यावर अभ्यासकांनी पिढ्यान् पिढ्या वाद घातलाय. शिवाय चेरोकी या तिकडच्या मूळ रहिवाशांतही ती आहे. त्यांच्याकडे ससा डांबराच्या लांडग्याला चिकटतो. जेम्स मूनी यांनी चेरोकींच्या गोष्टी गोळा करून १९०० मध्ये छापल्या, पण 'चेरोकी ॲडव्होकेट' या त्यांच्या स्वतःच्या वर्तमानपत्रात ही गोष्ट १८४५ मध्येच आली होती. हॅरिसच्या पुस्तकाच्या पस्तीस वर्षं आधी, आणि सांगणाऱ्यांच्याच वर्तमानपत्रात.

मी स्वतः 'भारतातूनच गेली' म्हणून छाती फुगवणार नाही. चेरोकींनी ती आफ्रिकन शेजाऱ्यांकडून घेतली की त्यांनी चेरोकींकडून, हेसुद्धा धड सांगता येत नाही. दोघेही त्याच जॉर्जियाच्या मातीत होते, आणि दोघांनाही तिथे सुखाने राहू दिलं नाही.

---

ओली_वाळू

मूळ रहिवाशांचा विषय निघालाच आहे, तर एक अनुभव.

मागच्या जुलैत आम्ही ॲरिझोनात कॅन्यन द शेला गेलो होतो. दरीच्या तळाशी नवाहो वाटाड्याबरोबरच जाता येतं. आमच्या वाटाड्या साठीच्या बाई होत्या. दरीत स्पायडर रॉक नावाचा आठशे फुटी सुळका आहे. लोकांना विणकाम शिकवणारी कोळीण-आजी त्यावर राहते अशी श्रद्धा. त्यांनी ती गोष्ट दोन वाक्यांत सांगितली. माझ्या मुलाने विचारलं, "कायोटीची गोष्ट सांगा ना." कायोटी म्हणजे तिकडचा लबाड कोल्हा. जग उलटंपालटं करणारा आणि स्वतःच्या हावरेपणाने तोंडावर आपटणारा.

बाई शांतपणे म्हणाल्या, आता नाही. त्या गोष्टी हिवाळ्याच्या. पहिलं दहिवर पडल्यापासून वसंतातला पहिला गडगडाट होईपर्यंत. साप, अस्वलं, कोळी झोपलेले असतात तेव्हाच. बोटांवर दोरा गुंफून आकृत्या करायचा खेळही त्याच दिवसांत. मुलगा हिरमुसला, तर त्यांनी त्याला खिशातून एक गुळगुळीत गोटा काढून दिला आणि म्हणाल्या, डिसेंबरात ये.

मला तेव्हा आजीची आठवण झाली. श्रावणातल्या शुक्रवारची कहाणी तिने आम्हाला कधी एरवी सांगितली नाही, कितीही हट्ट केला तरी. हातात अक्षता घेतल्याशिवाय तर नाहीच.

शाळेच्या यादीत ही गोष्ट बसणारच नाही. वेळ पाळावी लागते.

---

निम्मा_पेला

@ओली_वाळू, प्रतिसाद दोनदा वाचला. धन्यवाद.

---

शाईचा_डाग

आधीच्या प्रतिसादात निराशेचा सूर लागला, म्हणून दुसरी बाजू. ह्याच गोष्टी आतल्या माणसाने गोळा केल्या तर काय होतं, ते पाहायचं असेल तर झोरा नील हर्स्टन यांचं 'म्यूल्स अँड मेन' वाचा, १९३५ चं. त्या काळ्या, फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या काळ्यांनीच वसवलेल्या गावात वाढलेल्या, आणि न्यूयॉर्कला मानववंशशास्त्राचे फ्रान्झ बोआस यांच्याकडे शिकलेल्या. गोष्टी गोळा करायला त्या परत आपल्याच गावी गेल्या. दुकानाच्या ओसरीवर बसणारी माणसं आपल्या गोष्टींना 'लाइज' म्हणायची. आपण म्हणतो ना, 'बसलो होतो बाता मारत', तसं. कुठला समाधानी म्हातारा नाही की काही नाही. बायका नवऱ्यांना टोमणे मारताहेत, पोरं मध्ये तोंड घालताहेत, आणि त्यातून गोष्ट निघतेय.

हर्स्टन १९६० मध्ये गरिबीत वारल्या. कबरीवर दगडही नव्हता. १९७३ मध्ये गवतातून वाट काढत ती जागा शोधून तिथे दगड बसवला तो ॲलिस वॉकर यांनी. त्याच, वर उल्लेख केलेल्या.

---

कोरडा_ओढा

मला वाटलं होतं चार प्रतिसाद येतील. सगळ्यांचे मनापासून आभार.

@शाईचा_डाग, तुमच्यामुळे काल रात्री लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर हर्स्टन यांची १९३९ ची ध्वनिमुद्रणं ऐकली. फुकट आहेत, कुणीही ऐकू शकतं. रेल्वेचे रूळ पहारींनी सरकवताना मजूर गात ती गाणी त्या स्वतः म्हणतात. गाणं तुम्ही कसं शिकता, असं विचारल्यावर सांगतात की मी घोळक्यात शिरते, ऐकत राहते, मग एखादं कडवं म्हणून बघते, आणि त्यांनी 'जमलं' म्हणेपर्यंत म्हणत राहते. जुन्या तबकडीची खरखर आहे, पण दर ओळीनंतरची ती दमाची जागा स्पष्ट कळते. लेकीने तिथे आपोआप टेबलावर मूठ आपटली.

तिला आता ही गोष्ट मराठीत लिहायची आहे, आजीला पाठवायला. एका शब्दापाशी अडलोय. घण मारणारा एक असतो, पण त्याच्यासमोर पहार धरून बसणारा दुसरा असतो. इंग्रजीत त्याला 'शेकर' म्हणतात. मराठीत काय म्हणायचं?

---

दगडी_जातं

मी सहसा फक्त वाचतो, आज लिहितो. आम्ही वडार. माझे आजोबा सोलापूरकडे विहिरी खोदायचे. खाली काळा पाषाण लागला की सुरुंगाशिवाय इलाज नसायचा, आणि भोक हातानेच पाडायचं.

एकजण उकिडवा बसून दोन्ही हातांनी पहार उभी धरायचा. समोर एक, कधी दोन घणवाले. घाव पडला की पहार किंचित उचलून थोडी फिरवायची, म्हणजे तीच धार त्याच जागी बसत नाही आणि भोक गोल राहतं. मग पुढचा घाव. भोकात मधून मधून पाणी ओतायचं, म्हणजे भुकटीचा चिखल होतो आणि नाकातोंडात जात नाही. लांब दांड्याच्या लोखंडी पळीने तो चिखल बाहेर काढायचा. तुमच्या बोगद्यात पाणी ओतत नसतील, तर ती माणसं का मेली ते मला पुस्तक न वाचताही कळतं.

धरणाऱ्याला आमच्याकडे वेगळं नाव नव्हतं. "आज धरायला कोण?" एवढंच विचारायचे. घरातलं पोरगं नाहीतर बाई असायची. आजी धरायची.

---

कोरडा_ओढा

@दगडी_जातं, तुमच्या प्रतिसादाबद्दल काय लिहू. लेकीला वाचून दाखवला. गोष्टीत आता 'धरणारा' असं लिहिलंय. तिचा एक प्रश्न आहे, जमलं तर सांगा: घण डोक्यावरून येत असताना आजी बघायच्या कुठे?

---

दगडी_जातं

तिला सांगा, पहारीच्या डोक्याकडे बघायचं नाही. तिथे बघितलं की हात दचकतो आणि पहार हलते. आजी घणवाल्याच्या खांद्याकडे बघायची. खांदा वर गेला की पहार फिरवून झालेली पाहिजे, आणि खांदा खाली यायला लागला की हात घट्ट.